दालमिलचा डेटाबेस व्हीएममध्ये टाकावा का?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर कळेल. जळगाव एमआयडीसीतल्या तुमच्या मामांच्या दालमिलसाठी नवा सर्व्हर आलाय. सोळा कोअर, ६४ जीबी रॅम, चार एसएसडी. बिलिंग, वजनकाटा आणि गोदामाचा साठा एकाच सॉफ्टवेअरवर चालतो. त्याचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ मध्ये (मायक्रोसॉफ्टची फुकट आवृत्ती) आहे आणि आजच्या घडीला सात जीबीचा झालाय. हार्डवेअरवाला म्हणतो, प्रॉक्समॉक्स टाका (एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सगळं व्हीएममध्ये, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये, घाला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, डेटाबेस व्हीएममध्ये घातला तर माझी जबाबदारी नाही, हळू चालतो, करप्ट होतो, वेगळं मशीन घ्या. आणि मामा म्हणतात, दोघांतलं खरं कोण बोलतंय ते आधी ठरव, मग पैसे माग.

व्हीएममध्येच टाका. वेगळं मशीन घेऊ नका. पण सॉफ्टवेअरवाल्याला खोटारडाही म्हणू नका. करप्ट झालेला डेटाबेस त्याने कुठेतरी पाहिलेला आहे. मीही पाहिलाय, एकदा नाही. फक्त त्या प्रत्येक वेळी गुन्हेगार दुसराच निघाला.

वेगाचं आधी उरकून घेतो, कारण त्यात फार दम नाही. व्हीएममुळे प्रोसेसर हळू पडायचा तो काळ होता. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने त्याच्या पुढच्या वर्षी प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली, नंतर मेमरीच्या पत्त्यांचं भाषांतरही हार्डवेअरकडे गेलं. प्रॉक्समॉक्स ज्याच्यावर उभं आहे ते केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. दहा-पंधरा जणांच्या बिलिंगला यातला फरक जाणवायचा नाही. हळू पडतं ते डिस्कमुळे, आणि तिथेही बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं. विंडोज इन्स्टॉल करताना व्हर्टआयओची, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेल्या वेगवान जोडणीची, डिस्क दिसत नाही, कारण तिचा ड्रायव्हर वेगळ्या आयएसओतून द्यावा लागतो. मग माणूस वैतागून आयडीई ही जुनी, हळू जोडणी निवडतो, विंडोज मुकाट्याने चढतं आणि ते आयडीई जन्मभर तसंच राहतं. तुम्ही व्हर्टआयओ स्कझी घ्या, ड्रायव्हरचा आयएसओ जोडून ठेवा, प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' करा. वेगाचं संपलं.

आता करप्टचं. इथे जरा बसून ऐका.

बाजार समितीत पोतं काट्यावर चढतं, मापाडी वजन पुकारतो, दिवाणजी वहीत ओढतो आणि मग पावती फाटते. वहीत ओढायच्या आधीच पावती फाडली आणि तेवढ्यात आग लागून पळापळ झाली, तर शेतकऱ्याच्या हातात पावती आहे पण वहीत पोतं नाही. डेटाबेसचंही तसंच. तुमचा माणूस बिल सेव्ह करतो तेव्हा डेटाबेस आधी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या वहीत, नोंद करतो, ती खरोखर डिस्कवर उतरव असं खाली सांगतो आणि 'झालं' हे उत्तर येईपर्यंत थांबतो. ते आलं की मगच पडद्यावर 'सेव्ह' दिसतं. डेटाच्या मुख्य फाइलमधली पानं तो नंतर सवडीने लिहितो. मध्येच लाइट गेली तरी परत आल्यावर लॉग वाचून तो हिशेब जुळवून घेतो. ही सगळी व्यवस्था त्या एका 'झालं'वर उभी आहे.

साध्या मशीनवर ते 'झालं' विंडोज, कंट्रोलर आणि डिस्क इतक्या हातांतून येतं. व्हीएममध्ये हात वाढतात : आतलं विंडोज, आभासी डिस्क, होस्टची म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनची फाइल सिस्टिम, कंट्रोलर आणि मग खरी डिस्क. यातल्या एकानेही वेग दाखवायला 'झालं' लवकर सांगून टाकलं, तर लाइट असेपर्यंत सगळं झकास चालतं. लाइट गेली की कळतं, लॉगच्या आधी डेटा उतरलाय, नाहीतर लॉगचं शेपूटच गायब आहे. हे करप्शन व्हीएम करत नाही, मधला कोणीतरी अडत्या खोटं बोललेला असतो.

नंदुरबारकडच्या एका मिरची व्यापाऱ्याकडे कोणीतरी साध्या विंडोजच्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएमचं सॉफ्टवेअर टाकून त्यात मायएसक्यूएल हा डेटाबेस चालवला होता. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की आतून आलेली 'फ्लश करा', म्हणजे 'खरोखर डिस्कवर उतरव', ही विनंती वेगासाठी एरवी दुर्लक्षित केली जाते. मॅन्युअल वाचतो कोण? वर्षभर छान चाललं. मेमध्ये भर दुपारी लाइट गेली, यूपीएस दोनदा बोंबलला आणि बसला. संध्याकाळी इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन, सुरूच होईना. जबरदस्तीच्या रिकव्हरीचे एक ते सहा टप्पे असतात, चारपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून एकपासून चढत गेलो. तीनवर तो कसाबसा उभा राहिला, तेवढ्यात सगळा डेटा बाहेर काढून नव्याने भरला. उरलेल्या दोन दिवसांची बिलं कार्बन कॉपीवरून परत टाकली. शेठजींनी माझ्यासमोर व्हीएमच्या सात पिढ्या उद्धारल्या. मी गप्प बसलो, त्या वेळी समजावण्यात अर्थ नव्हता.

तुमच्या प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक आभासी डिस्कला कॅशचा पर्याय असतो. मूळचा 'नो कॅश' आहे, तोच ठेवा. 'राइट बॅक'सुद्धा तसा अप्रामाणिक नाही, आतून फ्लश मागितला तर तो खरंच करतो. पण खाली 'राइट बॅक, अनसेफ' असा एक पर्याय आहे, तो फ्लशकडे काणाडोळा करतो. नावातच अनसेफ लिहिलंय तरी लोक तो निवडतात, कारण चाचणीत आकडे भारी येतात.

आकड्यांवरून खोटं पकडायची एक जुनी युक्ती सांगतो. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. एकामागून एक, प्रत्येक वेळी फ्लश करत लिहिलं तर तिला सेकंदाला साधारण तेवढ्याच नोंदी जमायला हव्यात. तुमच्या चाचणीत हजारो आल्या, तर खूश होऊ नका, मध्ये कोणीतरी थापा मारतोय. पोस्टग्रेस या डेटाबेसबरोबर पीजी टेस्ट एफसिंक नावाचं छोटं हत्यार येतं, लिनक्सवर एफआयओ आहे, दोन्हींनी हे मोजता येतं.

एसएसडीला हा फेऱ्यांचा हिशेब लागू नाही, तिथे मॉडेल बघावं लागतं. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत लाइट गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात, त्याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. ती डिस्क लगेच 'झालं' म्हणते आणि खरं बोलते. घरगुती एसएसडी एकतर प्रत्येक फ्लशला चाचपडते किंवा खोटं बोलते. तुमच्या चार एसएसडी कोणत्या आहेत ते प्रश्नात नाही. बिलावर मॉडेल नंबर असेल, कंपनीच्या माहितीपत्रकात पॉवर लॉस प्रोटेक्शन लिहिलंय का ते शोधा. घरगुती निघाल्या तर वेगळ्या मशीनचे पैसे वाचतायत त्यातून दोन सर्व्हरवाल्या घ्या, त्यांचा मिरर करा (दोन्हींवर तेच लिहिलं जातं) आणि डेटाबेसची व्हीएम फक्त त्यावर ठेवा. मामांना पैसे मागायचे असतील तर ते यासाठी मागा.

रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ती खास आपल्याकडची. त्या कार्डावर बऱ्याचदा बॅटरी असते. तिच्या भरवशावर कार्ड लिहिलेलं आपल्या मेमरीत धरून 'झालं' म्हणतं. बॅटरी मेली की शहाणं कार्ड आपणहून धरायचं थांबतं आणि सगळं एकदम हळू होतं. एका जिनिंगमध्ये मला मेमध्ये बोलावलं होतं, तक्रार एकच : 'व्हीएममुळे सर्व्हर बसला.' ऑफिस पत्र्याखाली, कूलर साहेबांच्या केबिनमध्ये, सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात. बाहेर ४४ अंश, कपाटातलं सांगायलाच नको. बॅटरी फुगलेली होती. माझ्या आधी येऊन गेलेल्याने 'बॅटरी नसली तरी धरून ठेव' ही सेटिंग करून वेग परत आणायचं सुचवलं होतं. मालकांनी माझ्यासाठी थांबायचं ठरवलं हे त्यांचं नशीब.

हीच उष्णता यूपीएसची बॅटरीही खाते. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य कंपन्या २५ अंशांवर धरून सांगतात, त्यापुढे दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची बॅटरी पाच वर्षं टिकेल असं कोणी सांगत असेल तर तो पुण्याचा असावा. दर वर्षी अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी लोड देऊन तपासा आणि किती मिनिटं टिकली ते यूपीएसवरच चिकटवून ठेवा.

यूपीएसची यूएसबी वायर होस्टला लावा, व्हीएमला नाही. होस्टवर नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स टाका, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की होस्टने आधी व्हीएम व्यवस्थित बंद करायच्या आणि मग स्वतः झोपायचं. प्रॉक्समॉक्स एका व्हीएमला बंद व्हायला सहसा तीन मिनिटं देतं, यूपीएसचा वेळ त्याहून भरपूर हवा. आणि उलटी बाजू कोणी सांगत नाही ती : आपल्याकडे लाइट आली म्हणजे आली असं नसतं. येते, दोन मिनिटांत जाते, परत येते. बायोसमध्ये 'लाइट आली की आपोआप सुरू' असेल तर सर्व्हर उठतो, डेटाबेस लॉग वाचायला बसतो आणि रिकाम्या यूपीएसवर दुसरा झटका बसतो. मी ती सेटिंग बंद ठेवतो. पंधरा मिनिटं लाइट टिकली की वॉचमन बटण दाबतो. हायटेक नाही, पण चालतं.

आता एक्सप्रेसबद्दल, कारण इथे हार्डवेअरवाल्यालाही चूक होण्याची दाट शक्यता आहे. एक्सप्रेस एक सॉकेट (म्हणजे एक प्रोसेसर चिप) किंवा चार कोअर यांतलं जे कमी असेल तेवढंच वापरतो. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम बनवताना सॉकेट आणि कोअर असे दोन वेगळे रकाने आहेत. कोणी सॉकेट चार, कोअर एक असं भरलं तर विंडोजला चार प्रोसेसर दिसतात आणि डेटाबेस त्यातला एकच वापरतो. मग तुमचा सॉफ्टवेअरवाला येऊन म्हणणार, बघा, सांगितलं होतं. सॉकेट एक, कोअर चार. संपूर्ण उत्तरातली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

रॅमचंही तसंच. एक्सप्रेस डेटाच्या कॅशला १४१० एमबीच्या वर हात लावत नाही. त्या व्हीएमला ३२ जीबी दिली तरी ती बसून राहील. आठ द्या, बलूनिंग बंद करा, म्हणजे होस्ट त्यातली रॅम मागे ओढणार नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर टाकत असाल तर त्याच्या कॅशलाही मर्यादा घाला, जुन्या प्रॉक्समॉक्समध्ये तो अर्ध्या रॅमपर्यंत हात मारायचा. नव्यात, म्हणजे ८.१ पासूनच्या ताज्या इन्स्टॉलमध्ये, मुळातच कमी ठेवलाय.

सात जीबीच्या आकड्याने मात्र मला काळजी वाटते. २०१९ च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला दहा जीबीची मर्यादा आहे, ती गाठली की नवीन नोंद जात नाही. हंगामात तुरीच्या गाड्या काट्यावर उभ्या असताना हे होऊ नये. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी आहे, म्हणून जुनी आर्थिक वर्षं वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवता येतील का हे सॉफ्टवेअरवाल्याला आत्ताच विचारा. २०२५ च्या आवृत्तीत ही मर्यादा ५० जीबी झालीय, पण त्याचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं असं त्याने लिहून द्यायला हवं. वेगळं मशीन घेऊन यातलं काहीच सुटत नाही, हेही त्याला हळूच सांगा.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, त्याबद्दल माझीच चूक सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत एका ठिकाणी सॉफ्टवेअर अपडेट करायच्या आधी स्नॅपशॉट घेतला. अपडेट नीट झालं, फराळ खाल्ला, घरी आलो आणि स्नॅपशॉट विसरलो. तिथे प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअर होतं. स्नॅपशॉटनंतरचं प्रत्येक लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जात राहतं आणि ती फुगत जाते. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांवर ठेवू नका. मी ठेवला अडीच महिने. जानेवारीत कापसाची आवक जोरात, फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि डेटास्टोर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) भरून व्हीएम जागेवर थांबली. स्नॅपशॉट काढायलाही जागा लागते. जुने आयएसओ उडवले, एक बिनकामाची व्हीएम बाहेरच्या डिस्कवर हलवली, मग तो काढायला लावला आणि तो निघेपर्यंत रात्र झाली. ट्रॅक्टरवाल्यांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. त्यातल्या एकाने मला विचारलं, 'काय भो, तुमचा कॉम्प्युटरबी उपाशी राहतो का?' तेव्हापासून स्नॅपशॉट घेतला की मोबाइलमध्ये दुसऱ्या दिवसाचा गजर लावतो.

जागा भरायचं दुसरं कारण म्हणजे थिन डिस्क. सगळ्या व्हीएमना मिळून प्रत्यक्षापेक्षा जास्त जागा कबूल केलेली असते आणि एक दिवस सगळे आपापला वाटा मागतात. डेटाबेसच्या डिस्कची जागा पूर्ण राखून ठेवा.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. व्हीएमचा रात्रीचा बॅकअप घ्या, आत गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) टाका म्हणजे त्या क्षणी विंडोज आणि डेटाबेस हातातलं लिखाण पुरं करून क्षणभर थांबतात. पण त्याच्या जोडीला डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप हवाच. एक्सप्रेसमध्ये एजंट नावाची वेळापत्रकाची सोय येत नाही, त्यामुळे कित्येक ठिकाणी बॅकअप 'लावलाय' असं सगळे धरून चालतात आणि तो कधी चाललेलाच नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएल सीएमडी हे डेटाबेसला हुकूम देणारं साधन चालवा, फाइल दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या आणि महिन्यातून एकदा ती मामांच्या घरच्या पीसीवर उघडून कालचं शेवटचं बिल दिसतंय का बघा. व्हीएमचा इथे मोठा फायदा आहे. बॅकअप तपासायला दुसरी व्हीएम अर्ध्या तासात उभी राहते. लोखंडावर थेट डेटाबेस असलेले लोक हे कधीच करत नाहीत, कारण त्यांच्याकडे रिकामं मशीन नसतं.

शेजारी कोण राहतो तेही बघा. दालमिलमध्ये कॅमेरे असणार. त्यांचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर टाकायचा मोह हार्डवेअरवाल्याला होईल. ते रात्रंदिवस न थांबता लिहितं. डेटाबेसच्या मिररवर ते चालू दिलं तर प्रत्येक बिलाचं 'झालं' कॅमेऱ्यांच्या मागे रांगेत उभं राहील. कॅमेऱ्यांना वेगळी साधी हार्ड डिस्क द्या, नाहीतर त्यांचा वेगळा डबाच बरा.

सगळं बसवल्यावर, पण खरा डेटा टाकायच्या आधी, एक उद्योग करा. चाचणीच्या डेटाबेसमध्ये एक, दोन, तीन असे आकडे एकामागून एक टाकत राहणारी छोटी स्क्रिप्ट लॅपटॉपवरून चालवा आणि ज्या आकड्याला 'सेव्ह झालं' असं उत्तर आलं तो लॅपटॉपच्या पडद्यावर छापत राहा. मग यूपीएस बाजूला करून सर्व्हरची वायर सरळ ओढा. सुरू झाल्यावर डेटाबेसमधला शेवटचा आकडा आणि लॅपटॉपवरचा शेवटचा आकडा जुळवा. डेटाबेसमधला एखादा जास्त असेल तर हरकत नाही, उत्तर परत येता येता वायर ओढली गेली असेल. कमी असेल तर कोणीतरी पावती आधी फाडतोय. चार-पाच वेळा करा. हे सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवून करा. त्याचा विरोध मशीनला नाही, लाइट गेल्यावर रात्री अकराला येणाऱ्या फोनला आहे, आणि ते मी समजू शकतो.

मुगाची आवक सुरू व्हायच्या आत हलवून टाका. जुनं मशीन महिनाभर बंद करून तसंच ठेवा, फॉरमॅट करू नका. एक राहिलंच : तुमच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लायसन्सची छोटी किल्ली) लागतं का? लागत असेल तर ते होस्टच्या मागच्या पोर्टला लावून व्हीएमला जोडता येतं, पोर्टवरून जोडा म्हणजे डोंगल बदललं तरी चालेल. आणि ज्या कपाटात सर्व्हर आहे त्याला कुलूप लावा. एका ठिकाणी झाडू मारणाऱ्या मावशींनी डोंगल पेन ड्राइव्ह समजून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं आणि आम्ही दुपारपर्यंत डेटाबेसला दोष देत बसलो होतो.